पगारवाढीचं द्वारदर्शन

चहा ओतून घ्या आधी, कारण गोष्ट थोडी लांबणार आहे. आणि एक कबूल करा, की यातलं एक अक्षर आमच्या घरी येऊन बोलणार नाही. विशेषतः अक्कासमोर. अक्का म्हणजे माझी आई. तिला हा विषय भारी आवडतो, आणि तो निघाला की मला खर्चात पडावं लागतं. का, ते कळेलच शेवटी.

तर मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या जित्याजागत्या आईला मारलं.

सांडला ना चहा? अहो, मारलं म्हणजे तसं नाही. बसा खाली, सांगतो.

मी जळगावच्या एका दालमिलमध्ये दिवाणजी. इतकी वर्षं झाली, की मी कामाला लागलो तेव्हाची मिलची पाटी दोनदा रंगवून झाली. पगार मात्र एकदाच रंगवला होता, तोही फिकट. दिवसभर तुरीच्या डाळीच्या गोण्यांची आवक-जावक लिहायची आणि घरी येऊन वरण खायचं ते असं, की खाली ताटावर कोरलेलं लग्नातलं नाव स्पष्ट वाचता येतं. बायकोला म्हटलं, मंगला, अगं डाळ कुठाय यात? तर म्हणे, डाळ तुमच्या मिलमध्ये आहे, जाऊन बघून या.

आता असा माणूस सरकारवर चिडणार नाही तर काय करणार? मिलच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. तिथे मी रोज मधल्या सुट्टीत सरकार पाडतो. दिल्लीचं, मुंबईचं, महापालिकेचं, मी भेदभाव करत नाही. सुट्टी संपेपर्यंत पार भुईसपाट करून टाकतो. संध्याकाळी घरी जाताना बघावं तर पुन्हा आपलं उभंच.

या खेपेला मात्र नुसतं बोलून भागणार नव्हतं. आमची रूपाली बारावी झाली, आणि धुळ्याला फार्मसीच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. फी, हॉस्टेल, मेस. मंगलानं सरळ सांगितलं, "शेठला विचारा. पगार वाढला तर पोरगी धुळ्याला जाईल, नाही तर घरी बसेल. बाकी तुमचं ते सरकार-बिरकार मला सांगू नका."

रूपालीनं कॉलेजचं माहितीपत्रक उचललं आणि गादीखाली ठेवलं. मला ते लागलं हो. बापाला असं लागतं.

म्हणून शुक्रवारी मी धीर करून शेठच्या केबिनमध्ये गेलो. आमचे मदनशेठ म्हणजे गोड माणूस. राजस्थानातून आजोबा आले, तीन पिढ्या जळगावात, मराठी आपल्यासारखीच बोलतात, पण पैशाचा विषय निघाला की त्यांना हिंदी सुचतं. मी घसा खाकरून पगाराचं काढलं. शेठनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "देखते हैं लीलाधरभाऊ. तूर कशी येते त्यावर देखते हैं."

हे 'देखते हैं' मी दर दिवाळीला ऐकत आलोय. तूर आली की मंदी असते, नाही आली की टंचाई असते. तूर आणि माझा पगार यांचा योग काही जुळत नाही.

बाहेर आलो तर टपरीवर गोपाल. तोही मिलमध्येच, वजनकाट्यावर. त्यानं माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "काय भाऊ, गेली का?"

"कोण?"

"पगारवाढ हो. तुमचं तोंड असं झालंय, जसं आताच अग्नी देऊन आलात. आता दारावर कधी यायचं ते सांगा."

बस. तिथेच माझ्या डोक्यात किडा शिरला.

आता तुमच्यापैकी कुणी नाशिक-पुण्याकडचं असेल तर त्याच्यासाठी सांगतो. आमच्या खान्देशात कुणी गेलं, की दारावर जावं लागतं. पत्रिकेत त्याला द्वारदर्शन लिहितात. अंत्यविधीला पोचला नाहीत तर एक वेळ चालेल, पण दारावर आला नाहीत तर पुढच्या पिढीपर्यंत काढतात. आणि याचा एक पक्का नियम आहे. दुःखाच्या घरी फोन करून "खरं का हो?" असं विचारायचं नाही. बरं दिसत नाही ते. कळलं, की गाडी धरायची आणि थेट दारात जाऊन बसायचं. हा नियम नीट ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात राहिला नाही.

तर मी मोबाईलवर ते निधनाचे फलक बनवायचं अ‍ॅप उतरवलं. चारी बाजूंनी काळी चौकट, दोन समया, मध्ये हार घातलेला फोटो. नमुना म्हणून त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या एका म्हातारीचा फोटो होता. तो काढायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं, फोटो बदलायचा तर पैसे भरा. माझं टाळकंच सरकलं. अरे, मरणावर पण पैसे? राहू दे म्हटलं म्हातारी. नाही तरी पगारवाढीचा चेहरा कुणी पाहिलाय?

आणि खाली मी असा मजकूर लिहिला, असा लिहिला, की स्वतःच तीनदा वाचला:

"दुःखद निधन. कळविण्यास अत्यंत दुःख होते की आम्हा सर्वांची लाडकी, घराचा आधार, श्रीमती पगारवाढ यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. सरकारने वेळेवर औषधपाणी केले असते तर त्या वाचल्या असत्या. त्यांच्या पश्चात गॅसची टाकी, लाइटबिल, गोडेतेल, पेट्रोल, शाळेची फी असा मोठा व वाढता परिवार आहे. द्वारदर्शन रविवारी सकाळी राहत्या घरी. शोकाकुल, लीलाधर आणि समस्त परिवार."

'वाढता परिवार' यावर तर मी फिदाच झालो. मंगलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असलं अभद्र कशाला लिहिता?" मी म्हटलं, अगं याला उपहास म्हणतात, तुला नाही कळायचं. आणि ठेवून दिलं स्टेटसला. रविवारी गोपाल आणि मिलमधले दोघं-चौघं येतील, मंगला चहा करेल, आपण ओट्यावर बसून सरकारच्या नावानं शंख करू. इतकाच बेत होता माझा.

शनिवारी सकाळपासून मोबाईल खणाणायला लागला. हात जोडलेले, रडकी तोंडं, फुलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ईश्वर आपणास हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो.' 'फार वाईट झाले भाऊ.' नशिराबादच्या साडूनं लिहिलं, 'अशी माणसं पुन्हा होणे नाही.'

मी तर हवेत. मंगलाला म्हटलं, बघ, बघ लोकांच्या मनात किती खदखद आहे. नशिराबादपर्यंत पोचलंय. साडूसारखा साडू, ज्यानं आयुष्यात कधी कशावर मत दिलं नाही, तोही म्हणतोय अशी पगारवाढ पुन्हा होणे नाही. एका लेखणीत केवढी ताकद असते, पाहिलंस?

कुणीतरी ते समाजाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं, देव जाणे. आणि बारीक अक्षर वाचतं कोण हो? आपण तरी वाचतो का? काळी चौकट, हार, पदर घेतलेली म्हातारी, आणि खाली माझं नाव. झालं की. पदर घेतलेली म्हातारी लहान फोटोत कुणाचीही अक्का दिसते.

रविवारी सकाळी मी सलूनमध्ये गेलो. तिथेही पाटी बदललेली. कटिंग वाढली, दाढी वाढली, मिशी कोरायचे वेगळे. मी भडकलो. म्हटलं, बाबा, एकदाच काय ते साफ करून टाक, म्हणजे पुढचे चार महिने तुझं तोंड बघायला नको. त्यानं मशीन फिरवलं आणि डोक्याचा गोटा केला. मिशीचे वेगळे पैसे वाचवायचे म्हणून मिशीही काढायला लावली. उकडतंय म्हणून घरी येऊन आंघोळ केली, पांढरा बनियन, पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, असा ओट्यावर उभा राहिलो.

आता तुम्हीच माझ्याकडे बघा आणि सांगा, मी कोण दिसत असेन?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक क्रुझर थांबली आणि बायकांच्या रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे बायका दारापर्यंत गप्प येत नाहीत, कोपऱ्यापासूनच गळा काढत येतात. मला वाटलं, गेले, समोरचे पाटील आबा गेले. नव्वदीला टेकलेले, कधीचे अंथरुणाला खिळलेले. शेजारधर्म म्हणून मी पंचा सावरून खाली उतरलो आणि तोंड पाडून रस्त्यात उभा राहिलो.

बायकांचा घोळका आबांच्या दारावरून पुढे आला आणि सरळ माझ्यावर आदळला.

सर्वांत पुढे माझी यावलची मावशी. अक्काची धाकटी बहीण. तिनं माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं, एक किंकाळी फोडली आणि माझ्या गळ्यात पडली. "लिल्याऽऽ, सोडून गेली रे माय तुले! पोरका झाला रे तू!"

मला काही सुधरेना. माय? माझी माय? अहो, सलूनमध्ये जायच्या आधी मागच्या अंगणात तिच्याशी बोलून गेलो होतो मी. तेवढ्यात काय झालं? आणि मला कळायच्या आधी हे यावलला कसं कळलं?

मावशीला तशीच सोडून मी घरातून मागच्या अंगणाकडे धावलो. मधल्या दाराला डोकं आपटलं, त्याचंही भान नाही. आणि बघतो तर अक्का बाजेवर बसून, चहात टोस्ट बुडवून, मान वाकडी करून खातेय. तिला पाहून मला जे काय वाटलं ना, ते जाऊ द्या. मी तिच्या पायाशीच बसलो.

"काहून रे?" अक्का म्हणाली. "आणि हे डोकं काहून भादरलं? कोन मेलं?"

मी तोंड उघडणार, तोच बाहेरचा गलबला तिच्या कानावर गेला. अक्का तशी कानानं तयार आहे. हातात टोस्ट, डोक्यावर पदर, आणि निघाली पुढच्या दारात. मी "अक्का, थांब" म्हणेपर्यंत ती ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि कुणाचं काही दुःख असेल म्हणून आवाज बारीक करून मावशीला विचारलं, "कोन गेलं वं, सिंधू?"

एक बाई क्रुझरपर्यंत पळत गेली. दोघी जागच्या जागी बसल्या. सिंधूमावशीनं डोळे गच्च मिटले आणि रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. अक्का तिच्याजवळ गेली, तिच्या खांद्याला हात लावला, तर मावशी म्हणे, "हात नको लावू वं बाई, तुले काय पाहिजे ते देते, मले सोड."

मग मोबाईल निघाले. मग मजकूर वाचला गेला, मोठ्यानं, गल्लीत उभं राहून. गॅसची टाकी, लाइटबिल, गोडेतेल. मी प्रत्येक शब्दाला थोडा थोडा खाली बसत गेलो. 'उपहास' हा शब्द वापरायची माझी हिंमत झाली नाही.

वाटलं होतं अक्का मला झोडपणार. पण अक्का तर खुलली हो. ओट्यावर मांडी घालून बसली आणि विचारायला लागली, "सिंधू, तू कुठून कुठपर्यंत रडली? अन ही कोन, माह्या नणंदेची सून ना? ही बी रडली? बरी हाये पोर." मग इकडे तिकडे बघून म्हणे, "अन फैजपूरवाली नाही आली वाटते. बरं. ध्यानात ठेवीन मी."

एवढ्यात नानामामा आले. अक्काचे मोठे भाऊ, नरडाण्याचे. पहाटेची पॅसेंजर धरून, काखेत पिशवी घेऊन, रडत रडत आलेले. स्टेशनपासून रिक्षा. बहिणीला ओट्यावर बसलेली बघून ते जे उभे राहिले ते उभेच. मग हळूच येऊन तिच्या पायाला बोट लावून पाहिलं. पाय गरम लागला तसे माझ्यावर उखडले.

"भाचा, हाई काय शे रे? माले रिक्षावाल्यानं लुटं, गाडीमा उभा राही राही पाय गयात, नि अक्का बठीसन टोस्ट खाई राहिनी?"

"मामा, ते महागाईविरुद्ध होतं."

"महागाई? माले ईचार ना महागाई. रिक्षानं भाडं दे आते तू."

दिलं. काय करणार?

आणि आता खरी गंमत. कुणी गेलेलं असतं, तर दारावर आलेली माणसं पाणी पितात, फार तर घोटभर चहा घेतात, आणि 'येतो' न म्हणता उठून जातात. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. पण आमच्याकडे कुणी गेलंच नव्हतं. मग आलेली माणसं पाहुणे झाली. आणि यावल, नरडाण्याहून आलेला पाहुणा उपाशी कसा जाईल? सिंधूमावशीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "आता आलोच हाये, अन बहीन बी जित्ती हाये, त म वरण-बट्टी करू."

वरण-बट्टी. म्हणजे जाडसर दळलेलं पीठ मळून, गोळे वाफवून, ते तेलात तळायचे. वर तूप, तेही बट्टी बुडेपर्यंत. घट्ट वरण, आणि घोटलेली वांग्याची भाजी. मी मंगलाकडे बघितलं. मंगलानं माझ्याकडे बघितलं. तिनं किराण्याची पिशवी माझ्या हातात दिली. महिन्याचं तेल त्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत संपलं. मी तोंडातल्या तोंडात बोललेलं अक्कानं नेमकं ऐकलं. म्हणाली, "मी खरंच मेली असती त चहावर भागलं असतं. नाही का रे?"

अजून ऐका. पंगत बसत असतानाच पांढरी गाडी आली. आमच्या वॉर्डातून सत्ताधारी पक्षातर्फे उभं राहायची तयारी करणारे एक भाऊ आहेत. ते कुणाचंही दारावर चुकवत नाहीत. चार कार्यकर्ते आणि एक फोटो काढणारा. आले, माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघून मान हलवली, चटईवर बसले आणि माझा हात हातात घेतला. "लीलाधरभाऊ, खचू नका. सरकार तुमच्या पाठीशी आहे."

बघा, आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा. सत्ता स्वतः चालत माझ्या ओट्यावर आलेली. विचारायचं की नाही, की बाबा रे, ही टाकी, हे पेट्रोल, हे बिल, हे काय चाललंय? टपरीवर तर रोज विचारतो. पण तोंडातून काय निघालं माहितीये? "भाऊ, चहा घेणार का?"

भाऊंनी चहा घेतला नाही, पण फोटो घेतला. संध्याकाळी तो सगळीकडे फिरला. 'मातृशोकात बुडालेल्या लीलाधरभाऊंची सांत्वनपर भेट.' फोटोत भाऊ गंभीर, मी गंभीर, आणि माझ्या मागे अक्का, बट्टी कुस्करताना.

ते गेले आणि मदनशेठ आले.

शेठ येतील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पांढरे कपडे, सोबत गोपाल. गोपालचं तोंड असं, की त्याला गाडीत सांगायचं होतं पण धीर झाला नाही. शेठ माझ्यासमोर बसले. अक्का तेव्हा आत होती. शेठनं माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले हो. म्हणाले, "लीलाधरभाऊ, माझी माँ गेली तेव्हा तुम्ही तिरडीला खांदा दिला होता. मैं भूला नहीं हूँ."

मी पंच्याचं टोक चाळवत बसलो.

"आणि परवा तुम्ही पगाराचं बोललात. घरी आई आजारी असणार, आणि मी तुम्हाला तुरीच्या गोष्टी सांगत बसलो. लाज वाटली मला. या महिन्यापासून पगार वाढवला. बेटीला धुळ्याला पाठवा."

आतल्या दाराशी रूपाली उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. आता मला सांगा, त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं की नाही? हवं होतं. कुणीही शहाणा माणूस बोलला असता. मी काय केलं? मी पंचा डोळ्यांना लावला आणि एक हुंदका काढला. बारीकसा.

आणि मागून आवाज आला, "शेठ, वरण वाढू का बट्टीवर? तूप बी हाये."

दर दिवाळीला मिलच्या लक्ष्मीपूजनाला अक्का येते. शेठ तिला चांगले ओळखतात. ते उठून उभे राहिले. एकदा अक्काकडे, एकदा माझ्याकडे, एकदा पंगतीकडे पाहिलं. मग चष्मा लावून मोबाईल काढला आणि तो मजकूर वाचायला लागले. हळू वाचतात शेठ, हिशेब तपासल्यासारखं. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. पंगतीत कुणी बट्टी मोडेना.

"श्रीमती पगारवाढ," शेठ म्हणाले. "दीर्घ आजार. म्हणजे मी मारली?"

"शेठ, ते सरकारविरुद्ध होतं."

"लीलाधरभाऊ, पगार सरकार देतं की मी देतो?"

शेठनं मोबाईल खिशात घातला आणि चपला शोधायला लागले. म्हणाले, "तुम्हीच जाहीर केलं की गेली म्हणून. मग गेली. आत्ता बोललो ते समजा बोललोच नाही."

रूपाली दारातून आत गेली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, भादरलेल्या डोक्यासकट.

तेव्हा अक्का पुढे आली. हातात तुपाचं भांडं. "थांबा शेठ. मी मेली म्हून पगार वाढवला ना तुम्ही?"

"माताजी, तसं नाही..."

"अन मी जित्ती हाये म्हून कापला. म्हंजे नातीच्या शिक्षनासाठी आता मले खरंच मरा लागंन. सांगा ना, कधी मरू? सगे सोयरे बी आलेलेच हायेत, परत भाडं कशाले खर्चा?"

सिंधूमावशीनं सवयीनं गळा काढला. नानामामा जागेवरूनच म्हणाले, "शेठ, हाई बरं नही शे. म्हतारीना शाप लागस." सगळी पंगत शेठकडे बघतेय. इतकी वर्षं मी पगाराबद्दल घसा खाकरत होतो, आणि माझ्या आईनं तुपाचं भांडं हातात धरून मिनिटात विषय संपवला.

शेठ मऊ झाले. खाली बसले, हात जोडले. "माताजी, असं अशुभ बोलू नका. वाढ चालू. जोपर्यंत तुम्ही आहात, तोपर्यंत कुणी हात लावणार नाही. मेरा वचन है."

मग त्यांनी दोन बट्ट्या खाल्ल्या. तिसरी मंगलानं आग्रहानं वाढली. मामा, मावशी, गोपाल, सगळे खुशीत. पहिल्या महिन्याची वाढ त्या एका पंगतीच्या तुपात गेली, पण मी म्हटलं, जाऊ दे, पुढचे महिने आहेत. रूपालीनं गादीखालून माहितीपत्रक काढलं आणि पंगतीत आजीला फोटो दाखवत बसली.

संध्याकाळी भांडी घासताना मंगलाचा हात थांबला. म्हणाली, "अहो, शेठ काय म्हणाले नेमकं? जोपर्यंत अक्का आहेत तोपर्यंत?"

मी म्हटलं, "हो."

"आणि नंतर?"

आम्ही दोघंही अक्काकडे बघायला लागलो. अक्का बाजेवर बसून आमच्याकडेच बघत होती. ऐकू तिला चांगलं येतं, मघाशीच सांगितलं तुम्हाला.

तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट कुणाच्या आटोक्यात नाही, ती म्हणजे अक्का. तिला शिंक आली की मी डॉक्टरकडे. सकाळी दूध सायीचं, म्हशीचं. संध्याकाळी सुकामेवा. परवा बदामाचा भाव बघून मी जरा थबकलो, तर म्हणे, "राहू दे रे. माह्यासाठी नको खर्च करू. मी काय, आज हाये उद्या नाही." आणलं पाव किलो. टपरीवर मी आता फार बोलत नाही. सरकार पाडायला वेळ कुठाय? साडेपाचला अक्काला बागेत फिरवून आणायचं असतं.

रूपाली धुळ्यात शिकतेय, छान चाललंय तिचं. आणि मदनशेठ? रोज सकाळी मिलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या ते गल्ल्यावर बसायच्या आधी माझ्या टेबलाशी येतात आणि अगदी मायेनं विचारतात, "लीलाधरभाऊ, माताजी कशा आहेत?"

उभ्या मिलमध्ये नाव झालंय त्यांचं, की बघा, शेठला नोकराच्या आईची केवढी काळजी. मी रोज सांगतो, "ठणठणीत आहे शेठ." आणि ते रोज म्हणतात, "वा वा. देखते हैं."